तीनच्या आत लातूर

ज्याला नुसतं नांदेड गाठायचंय त्याने संभाजीनगरहून जालना-परभणीची वाट धरावी, ती बरीच जवळची आहे. आम्ही मुद्दाम वाकडी वाट धरली. राष्ट्रीय महामार्ग ५२ने बीड, येडशी, धाराशिव करत तुळजापूर, तिथून ३६१ला लागून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा आणि मग नांदेड. थोडं इकडेतिकडे धरून ४८० किलोमीटर. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो विचारच नाही. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल लागत नाही. टोलनाक्याच्या डाव्या कडेला दुचाकीची अरुंद वाट असते, तिच्यात वाळू साचलेली असते, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

दिवस नोव्हेंबरअखेरचा. या दिवसांत इकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि नांदेडला पावणेसहाच्या आत मावळतो. म्हणजे हातात अकरा तास उजेड. चार पदरी रस्त्यावर मोटारसायकलला केंद्राने घातलेली कमाल मर्यादा ताशी ८० आहे. ८०च्या काट्याने चालवत राहिलं तरी गावं, वळणरस्ते, स्पीडब्रेकर आणि म्हशी धरून चालत्या गाडीची सरासरी ५५ ते ६०च पडते. ४८०ला ५५ने भागलं की पावणेनऊ तास. उरलेल्या सव्वादोन तासांत चहा, नाश्ता, जेवण, पेट्रोल, लघवी आणि एक पंक्चर बसवायचं. वेग वाढवून हा हिशोब सुटत नाही. संभाजीनगर ते बीड १३० किलोमीटर आहे. ८०ऐवजी सलग ९०ने मारले तरी वाचतात जेमतेम ११ मिनिटं, आणि ती एका जादा चहात जातात. त्यामुळे नियम एकच ठेवला होता. दुपारी तीनच्या आत लातूर सोडलं तरच पुढे नांदेड, नाहीतर मुक्काम लातूरलाच.

गाड्या दोन. एक १५० सीसीची, ट्यूबलेस टायरांची. दुसरी ३५० सीसीची, स्पोकच्या रिंगची, म्हणजे ट्यूबवाली. प्रत्येक गाडीवर एकच माणूस आणि दहा किलोच्या आत सामान.

आदल्या दिवसाची कामं थोडी, पण ती आदल्या दिवशीच करायची. ऑइल बघताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग पातळी बघायची. साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीत पातळी चुकीचीच दिसते आणि माणूस उगाच ऑइल ओततो. चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून २५ ते ३० मिलिमीटर, हा आकडा १५० सीसीचा. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात असतो, तोच खरा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत ताठ असेल तिथलं माप धरायचं. ढिल्या जागेच्या मापाने कसली, तर ताठ जागा आली की बेअरिंगवर ताण येतो आणि ‘कुर्र कुर्र’ आवाज सुरू होतो.

क्लचची जादा केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या शेजारून, तिच्याच वाटेने ओढून टेपने बांधून ठेवलेली बरी. केबल बहुतेक वेळा लिव्हरपाशी, जस्ताच्या गोळीच्या मुळाशी, एकेक तार तुटत जाते. तुटली की टाकी न उतरवता नवी जोडता येते, दहा मिनिटांचं काम. बाकी हत्यारांत एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मागच्या अ‍ॅक्सलचा नट कितीचा आहे आणि तेवढा पाना आपल्याजवळ आहे का, हे घरीच बघायचं. ट्यूबवाल्या गाडीला तर हे सक्तीचं, कारण चाक काढल्याशिवाय तिचं पंक्चर निघत नाही. स्पार्क प्लग, प्लगपाना, दोन फ्यूज, केबलटाय, एम-सील, इन्सुलेशन टेप आणि मागच्या चाकाची एक ट्यूब. झालं.

सामान बांधायला हुकवाले रबरी दोर वापरू नका. खड्ड्यात हुक उडतो, दोर चेनमध्ये जातो आणि मागचं चाक जाम होतं. बकलाचे पट्टे घ्या, शेपटी कापून टाका किंवा आत खोचा. जड वस्तू मागच्या कॅरिअरवर नको. ती सीटच्या जवळ आणि खाली असली पाहिजे, नाहीतर ८०च्या वर पुढचं चाक हलकं होऊन हँडल डोलायला लागतं. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी किमान चार बोटं लांब हवी.

हवेबद्दल जरा जास्त बोलावं लागेल, कारण याबाबत चुकीचे सल्ले फार मिळतात. आमच्या १५० सीसीला कंपनीचा आकडा पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२ पॉइंट. एकटा माणूस अधिक सामान म्हणून मागे ३० ठेवली. हे आकडे थंड टायरचे असतात. गाडी सकाळी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजने बघायचे. पंपापर्यंत पाच-सहा किलोमीटर गाडी चालवत नेली की टायर तापतो आणि गेज दोन-तीन पॉइंट जास्त दाखवतो. मग पंपावरचा पोरगा हवा सोडून ‘बरोबर’ करतो, आणि दिवसभर आपण कमी हवेवर चालतो. ऊन आहे, टायर फुटेल, दोन पॉइंट कमीच ठेवा, हा सल्ला तर प्रत्येक टपरीवर मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत फुटणारे टायर बहुतेक कमी हवेचे नाहीतर जुने, चिरा पडलेले असतात. दुपारी गेजवर ३० ऐवजी ३३ दिसलं तर घाबरून हवा सोडायची नाही. ते तसंच दिसायला हवं.

सहाला निघालो. झुंजुमुंजू व्हायला वेळ होता, म्हणून झाल्टा फाट्यापासून आडूळपर्यंत पन्नासच्या वर गेलो नाही. थंडीत पहिला तास बोटांचा असतो. कातडी हातमोज्यांच्या आत पातळ सुती हातमोजे घातले तर क्लच-ब्रेक नीट जाणवतात. जाड लोकरी घातले तर ब्रेक किती दाबला ते कळत नाही. गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे धुकं मिळतं. हेल्मेटची काच आतून धुरकटली तर ती पुसत बसू नका, एक खाच उघडी ठेवा. नाकावरचा रुमाल नाकाच्या वर गुंडाळला की श्वास थेट काचेवर जातो, तो नाकाच्या खाली ओढला तरी निम्मं काम होतं.

पाचोडला कापसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. टेम्पोच्या दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट बाहेर आलेला, वर तट्ट्या आणि दोर बांधलेला कापूस. अशा गाडीच्या मागे राहिलं तर ड्रायव्हरला आरशात आपण दिसतच नाही, कारण आरसाच कापसाने झाकलेला असतो. हॉर्न देऊन, तो एका बाजूला दबला याची खात्री झाल्यावरच पुढे जायचं. आणि पार होताना डाव्या हाताला वाऱ्याची झोकांडी बसते, तेव्हा हँडल आवळून धरू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा.

शहागडचा गोदावरीचा पूल ऐंशीएक किलोमीटरवर. तिथे पहिला चहा, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दर ऐंशी-नव्वद किलोमीटरला उतरायचंच, दमला असाल-नसाल. न दमता उतरलेला माणूस दहा मिनिटांत परत निघतो. दमून उतरलेला पाऊण तास बसतो. पूल ओलांडला की बीड जिल्हा. गेवराई, पाडळसिंगीचा टोलनाका, आणि साडेआठला बीड.

नाश्त्याला इकडे सुशीला मिळतो. मुरमुरे भिजवून, पिळून, फोडणी आणि डाळ्याचं कूट घालून करतात. गाडी चालवायची असेल तर हा सर्वांत शहाणा नाश्ता, पोटात जड होत नाही. वडे-भजी संध्याकाळी, पोचल्यावर खा. पाणी मात्र थंडी असली तरी तासाला दोन-तीन पेले जायला हवं. थंड वाऱ्यात तहान कळत नाही आणि दुपारी डोकं ठणकायला लागतं, मग लोक म्हणतात हेल्मेट घट्ट आहे.

बीडनंतर मांजरसुंब्याचा घाट. इथे बालाघाटच्या पठारावर चढतो. घाट छोटा आहे, पण लोडचे ट्रक रांगत असतात. १५० सीसी गाडी पाचव्या गिअरमध्ये कण्हत चढवण्यापेक्षा तिसरा टाकून इंजिन मोकळं फिरू द्यावं. कमी फेऱ्यांवर ओढलेलं हवेने थंड होणारं इंजिन जास्त तापतं. वर मांजरसुंब्याला केज-अंबाजोगाईचा रस्ता फुटतो. दोन गाड्या असल्या की चुकामूक नेमकी अशा फाट्यांवर होते. नियम साधा. पुढच्याने फाट्यावर थांबायचं, मागचा आरशात दिसल्यावरच वळायचं. पुढे येरमाळा आणि येडशीलाही तेच.

चौसाळ्याच्या पुढे १५० सीसीचं मागचं चाक जड वाटायला लागलं. पंक्चर पुढच्या चाकाला असलं तर हँडल ओढतं. मागच्या चाकाला असलं तर गाडी चिखलात चालल्यासारखी शेपूट हलवते. ब्रेक न दाबता वेग उतरू दिला आणि पक्क्या खांद्यावर घेतली. काळ्या मातीत उतरवायची नाही, स्टँड रुततो. निघालं काय, तर वेड्या बाभळीचा काटा, मुळाशी कापसाच्या बोंडाएवढी साल लागलेला. रस्त्याकडेला दोन्ही अंगांनी ही झाडं आहेत आणि तोडलेल्या फांद्या ओढून नेताना काटे सांडतात.

काटा लगेच उपटायचा नाही. तो भोकाला बूच असतो आणि आत गेल्याची दिशाही दाखवतो. काटे बहुतेक तिरके घुसतात आणि टोचणी सरळ घातली की दुसरं भोक पडतं. आधी सगळं काढून ठेवलं. टोचणी, सुई, रबरी पट्टी, गोंद, कटर, पंप. पट्टी सुईच्या नेढ्यातून ओवून दोन्ही टोकं सारखी केली, गोंद लावला. मग पकडीने काटा काढला, टोक मोडून आत राहिलं नाही ना ते बघितलं, आणि लगेच त्याच तिरक्या दिशेने टोचणी दहा-बारा वेळा आतबाहेर. इथे माणूस हात आखडता घेतो. आतली तार आणि कापड नीट घासलं नाही तर पट्टी घट्ट बसत नाही, तासाभराने फुसफुस सुरू होते. मग पट्टीची सुई दाबली, बाहेर दीड सेंटिमीटर शेपट्या राहतील इतकीच. पूर्ण आत गेली तर पट्टी टायरच्या पोटात पडते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. सुई न फिरवता एका झटक्यात ओढली. शेपट्या तीन मिलिमीटर ठेवून कापल्या, घासून सपाट करायच्या नसतात, रस्ता ते काम करतो. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने हवा भरायला नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ इंजिन चालू ठेवलं, म्हणजे बॅटरी बसत नाही. शेवटी भोकावर थुंकी लावली. बुडबुडा नाही.

एवढ्यात शेताच्या बांधावरून एक काका येऊन उभे राहिले.

“कुठं चाललाव?”

“नांदेडला.”

“आन् हिकडून?” एवढंच म्हणाले आणि पंपाचा आकडा चढताना बघत बसले.

सगळं मिळून पंचवीस मिनिटं. टायरच्या बाजूला, अक्षरं असतात तिथे, भोक असतं तर हा उपाय चालला नसता. ती जागा सतत वाकते आणि पट्टी बाहेर फेकते. ट्यूबवाल्या गाडीला काटा लागता तर पाऊण ते एक तास गेला असता. म्हणून दोन गाड्यांचा हिशोब नेहमी ट्यूबवाल्या गाडीवर करावा.

येरमाळ्याला, येडेश्वरीच्या डोंगराखाली, दहा मिनिटं थांबून पट्टी परत तपासली. धाराशिव बाहेरूनच गेलं, आणि तुळजापूर सव्वाबाराला. मंगळवार, शुक्रवार किंवा पौर्णिमा असेल तर गावात गाडी घालू नका. दर्शनाच्या गर्दीत अर्धा तास सहज जातो. पेट्रोल इथे भरलं. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला ४५ किलोमीटर धरले तर एका टाकीत अख्खा दिवस निघतो, पण तळाशी पाच लिटर असतानाच भरायची सवय बरी. भरताना टाकी गळ्यापर्यंत भरू नये. उन्हात पेट्रोल फुगतं आणि वाहून इंजिनावर पडतं.

तुळजापूर-औसा रस्ता सुरेख आहे आणि तिथेच डोळा लागतो. दुपारी एक ते तीन, सरळ रस्ता, मऊ ऊन, दोन्हीकडे हरभरा. जेवण औश्याच्या अलीकडे केलं. एक भाकरी, पिठलं, ठेचा, ताक. भात नाही. ही तपश्चर्या वाटेल, पण भात खाऊन ८०ने चालवून बघा, म्हणजे कळेल. जांभई आली की गाणं म्हणून भागत नाही, बाजूला घेऊन पंधरा मिनिटं आडवं व्हावं लागतं. या भागातून मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, जाणार असाल तर डबा घरूनच न्या. सगळं गाव शेतात जेवायला गेलेलं असतं, बाजार बंद, आणि संध्याकाळी परतणाऱ्या ट्रॅक्टर-बैलगाड्यांनी रस्ता भरलेला. अर्थात, कुणाच्याही शेताशी थांबलात तर आंबील-भज्जी मिळेलच.

लातूर दोन पन्नासला. पंक्चर झालं नसतं तर दोन पंचवीस झाले असते. दहा मिनिटं शिल्लक होती म्हणून पुढे निघालो. तीन वाजून दहा मिनिटं झाली असती तर नसतो निघालो. त्या वीस मिनिटांचा एवढा बाऊ कशासाठी, तर उसासाठी.

गाळप हंगाम सुरू झाला की इकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ताशी पंधरा-वीसने. ऊस मागे आणि बाजूंनी ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, मागचा दिवा असलाच तर उसाच्या पानांनी झाकलेला. दिवसा हे लांबून दिसतं. रात्रीचं गणित वेगळं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला आणखी ३५ ते ४०. एकूण सत्तरच्या आसपास. साध्या डिपरचा उजेड कामाचा असतो चाळीसएक मीटरपर्यंत. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा थांबायची वेळ टळलेली असते. ताशी ५०ला हेच अंतर छत्तीस मीटरवर येतं. अंधारात ५०च्या वर जायचं नाही, याला दुसरं कारण द्यायची गरज नाही. आणि ५०नेच जायचं तर ४८० किलोमीटरच्या दिवसाचा हिशोब कोलमडतो.

ट्रॉली पुढे गेली तरी ऊस मागे उरतोच. पडलेलं टिपरू टायरखाली आडवं आलं तर लाटण्यासारखं गरकन फिरतं, विशेषतः वळणावर. त्यावरून जावंच लागलं तर हँडल सरळ, ब्रेक सोडलेला. धान्याचंही तसंच. सोयाबीनच्या राशी महामार्गाच्या एका पदरात वाळत घातलेल्या असतात, आणि रास गाडीखाली येऊ नये म्हणून भोवती डोक्याएवढे दगड मांडलेले. रास भरून नेतात, दगड तिथेच राहतात. अहमदपूरच्या अलीकडे असे चौदा दगड मोजले, एका ओळीत, रस्त्याच्याच रंगाचे.

काळ्या मातीचा दोष इथे चाकांना कळतो. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबराचा रस्ता लाटांसारखा होतो. अशा लाटेवर ८०ला गाडी हलकी होते. पायांवर थोडं उठलं की पाठ वाचते. काँक्रीटवर लाटा कमी, पण उभ्या रेघांवर पुढचं चाक किंचित सळसळतं. त्याने काही होत नाही. हँडल घट्ट धरून ते थांबवायला जाऊ नये.

दुभाजकातले बेकायदा कट आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या लोह्यापर्यंत सोबत करतात. बहुतेक उलटे येणारे ढाब्याच्या किंवा पंपाच्या आसपास भेटतात, कारण पुढचा कट लांब असतो. ढाब्याची पाटी दिसली की सर्वांत डावी पट्टी सोडायची. अपघात दिसला किंवा रस्त्यात काही आडवं पडलेलं असलं तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक, रुग्णवाहिकेला १०८.

पाच पस्तीसला नांदेड. दिवा डिपरवर होता, पण त्याची गरज लागली नाही.

उतरल्यावर लगेच आंघोळीला जायचं नाही. चेन गरम असते तोवरच तिला तेल द्यायचं, गरम चेनच्या कड्यांत ते आत मुरतं, आणि रात्रभरात जादाचं निथळतं. सकाळी थंड चेनवर मारलेलं तेल पहिल्या दहा किलोमीटरांत रिंगवर आणि पँटवर जातं. आधी डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने काळा लगदा पुसला, कारण काळ्या मातीची धूळ आणि तेल मिळून पॉलिशपेपरचं काम करतात. मग मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने गिअर ऑइल. इंजिन चालू करून, गिअर टाकून हे कधीच करू नका. फडकं ओढलं जातं आणि त्यामागे बोट.

पट्टी लावलेल्या चाकाची हवा रात्री तापल्या टायरवर ३३ होती. सकाळी गाडी हलवायच्या आधी गेज लावला, ३०.